निवडायची शेड

"एक दाणा खाऊन बघा, मॅडम. मग लिहा काय लिहायचं ते."

त्रिशला मगदूमनं ओंजळ माझ्यापुढे धरली. बेदाणा हिरवट पिवळा, लांबट, चांगला टपोरा होता. मी एक दाणा तोंडात टाकला. आधी गोड लागला. नीट चावला, तसा जिभेच्या मुळाशी रॉकेलसारखा वास उठला आणि घशात जाऊन बसला. मी बाटलीतलं पाणी प्यायले, तरी तो हलेना.

"लागला न्हवं?" ती म्हणाली. "सौद्यात व्यापारी असाच एक दाणा तोंडात टाकतोय, थुंकतोय आणि पुढच्या ढिगाकडं जातोय. भाव पाडला असता तर भांडले असते मी. तो काही बोलतच न्हाई."

आम्ही तिच्या बेदाण्याच्या शेडमध्ये उभ्या होतो. शेड म्हणजे वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या आणि आत एकावर एक ताणलेल्या जाळ्या. त्यांच्यावर द्राक्षं पसरून ठेवायची आणि बाकीचं काम वाऱ्यावर सोडायचं. शिरगोंडवाडीचा वारा कोरडा, त्यामुळे त्या माळावर अशा बऱ्याच शेड होत्या. त्रिशलाची सगळ्यांत जुनी. तिचा नवरा अपघातात गेल्यापासून तीच ती चालवत होती. सासरे, म्हणजे बाळगोंडा मगदूम, दारात खुर्ची टाकून बसायचे. बाकी सगळं तिच्यावर. निवडायला गावातल्या दहा-बारा बायका यायच्या. त्या जमिनीवर फेर धरून बसायच्या आणि बोलता बोलता काड्या, काळे दाणे, खडे बाजूला काढायच्या.

आणि रस्त्याच्या पलीकडे, जिथून वारा यायचा त्या बाजूला, नवधारा नावाचा नवा कारखाना उभा राहिला होता. तिथे प्लास्टिकपासून तेल करायचं होतं. बंद टाकीत हवा न लागू देता प्लास्टिक तापवायचं, त्याची वाफ थंड करून तेल धरायचं, आणि खाली उरते ती काळी भुकटी पोत्यांत भरायची. अजून पक्की परवानगी मिळालेली नव्हती. फक्त चाचणीपुरता कारखाना चालला होता, आणि नेमका बेदाण्याच्या हंगामात.

मी तेव्हा प्रदूषणाच्या खात्यात क्षेत्र अधिकारी होते. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, मी नोकरीतूनही बाहेर पडले. पण त्या दिवशी त्रिशलाच्या तक्रारीवरून मी सरकारी जीप घेऊन आले होते आणि माझ्याजवळ हवा मोजायचं यंत्र होतं. ते मी तिच्या जाळ्यांपाशी लावलं, कारखान्याच्या कुंपणापाशी लावलं. धूळ मर्यादेत होती. बाकीचे वायूही मर्यादेत होते.

"मग वास?" त्रिशलानं विचारलं.

"वासाला आमच्याकडे मोजमाप नाही."

"तुमच्या तोंडात हाय की आत्ता."

"आहे. पण ते मला लिहिता येत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही, एखादी वस्तू दुकानात मिळत नाही म्हटल्यावर माणूस बघतो तसं. मला ते सहन झालं नाही म्हणून मी घाईनं म्हणाले, "हे बघा, हा कारखाना कचऱ्यावर चालणारा आहे. कचऱ्याच्या कारखान्याला नियम कडक असतात. वस्तीपासून अंतर बघावं लागतं, आणि परवानगी द्यायच्या आधी गावात जनसुनावणी घ्यावीच लागते. तिथे येऊन बोला. तिथे बोललेलं प्रत्येक वाक्य आम्हाला लिहून घ्यावं लागतं आणि कंपनीला त्याचं उत्तर द्यावं लागतं."

"वास लागतोय म्हणून सांगितलं तर ते बी लिवून घेणार?"

"शब्दाला शब्द."

"मग बोलते की," ती म्हणाली. "मला भ्या कुणाचं हाय?"

तिथून मी कारखान्यात गेले. देवस्थळी नावाचे इंजिनियर मालक होते. चाळिशीच्या आतले, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोटांना काळं लागलेलं. मी अनेक मालक पाहिले होते, त्यांच्यात हा वेगळा. त्यांनी मला चहा विचारायच्या आधी टाकी दाखवली, झडपा दाखवल्या, कुठे काय अडतंय तेही सांगितलं.

"वास येतो, मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "टाकीचं दार उघडताना थोडी वाफ सुटते. त्याला दुसरं दार बसवायचंय. पण पक्की परवानगी मिळाल्याशिवाय बँक पुढचा हप्ता सोडत नाही. आणि परवानगी कुठल्या नियमाखाली द्यायची तेच तुमच्याकडे कुणाला माहीत नाही. दोन वर्षं मी या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. कुणी म्हणतं ही भट्टी आहे, कुणी म्हणतं ही रिफायनरी आहे."

"सध्या तरी तुम्ही कचरा जाळणाऱ्यांच्या यादीत आहात."

"मी जाळत नाही, मॅडम! जाळायचं नाही म्हणून तर एवढा खटाटोप." त्यांनी अंगणातल्या गठ्ठ्यांकडे हात केला. दुधाच्या पिशव्या, वेष्टनं, प्लास्टिकचे फाटके कागद, सगळं दाबून बांधलेलं. "हे ओढ्यात पडलं तर चालतं. उकिरड्यावर पेटवलं तर चालतं. त्याला कुणाची सुनावणी लागत नाही. मी याचं तेल केलं की मात्र मी गुन्हेगार."

त्यांचं खोटं नव्हतं आणि माझ्या घशातला वासही खोटा नव्हता.

सुनावणी द्राक्षांची छाटणी संपता संपता ठेवली. गावच्या मंगल कार्यालयात खुर्च्या मांडल्या, ध्वनिक्षेपक लावला, चित्रीकरणाला मिरजेहून एकजण बोलावला. गाव वेळेआधी जमलं. त्रिशला सगळ्या निवडणाऱ्या बायकांना घेऊन आली होती. लग्नाला निघाल्यासारख्या इस्त्रीच्या साड्या. तिच्या शेजारी लक्काबाई म्हणून एक पन्नाशीची बाई बसली होती, ती सारखी ओठ हलवत होती.

"पाठ करतीया," त्रिशला हसून मला म्हणाली. "सकाळपास्नं आम्हाला म्हणून दाखवतीया."

देवस्थळीही आले होते, पुढच्या रांगेत हातावर हात ठेवून. आम्ही सुरू करणार, इतक्यात माझा फोन वाजला. आमचे प्रादेशिक अधिकारी परचुरे साहेब.

"सुरू केलीत का?"

"करतेच आहे, सर."

"करू नका. वरून आदेश आलाय. हे तंत्रज्ञान आता कचरा प्रक्रियेत धरायचं नाही. उत्पादनात धरायचं. सगळ्या राज्यात असे प्रकल्प यावेत म्हणून धोरण बदललंय. उत्पादनाला सुनावणी लागत नाही."

"सर, लोक जमलेत. अख्खं गाव आलंय."

"मग त्यांना चहा द्या," परचुरे म्हणाले. ते कुत्सित माणूस नव्हते, त्यांना खरोखरच दुसरं काही सुचलं नसावं. "आणि नंदिनीबाई, उगाच घेऊ नका. घेतलीत तर ती बेकायदा ठरेल आणि उद्या तुमच्यावरच येईल."

मी माइक हातात घेतला आणि सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं, तरी दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा लोकांना वाटलं, सुनावणी पुढे ढकलली.

बाळगोंडा मगदूम काठी टेकत उठले. "म्हंजे मॅडम, काल रात्रीपतोर त्यो कचरा हुता, आणि आज सकाळी न्हाई?"

"कागदावर नाही."

"आणि आमच्या नाकात?"

कुणीतरी हसलं, पण हसू पुढे गेलं नाही. चित्रीकरणवाला तिवई आवरायला लागला. पाठीमागून दोघं-तिघं तरुण ओरडले, एक खुर्ची आपटली. देवस्थळी उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. ते मला हळूच म्हणाले, "मला हे माहीत नव्हतं. खरंच सांगतो. मला नियम हवा होता, असा नको होता."

मग त्रिशला पुढे आली. तिनं माझ्या हातातला माइक घेतला नाही, नुसती समोर उभी राहिली.

"लिवून घेऊ नका," ती म्हणाली. "ऐकून तर घेशीला?"

मी खुर्चीवर बसले. आणि ते सगळे बोलले. एकेकजण पुढे यायचा, नाव सांगायचा, कुणाचा कोण ते सांगायचा आणि बोलायचा. कुणी वासाबद्दल, कुणी विहिरीबद्दल, एकानं तर रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल. लक्काबाई पाठ केलेलं अर्ध्यात विसरली, ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली आणि कुणी तिला थांबवलं नाही. माझ्यापुढे कोरे कागद होते, पेन होतं. मी ते उचललं नाही. देवस्थळी शेवटपर्यंत बसून होते. संपल्यावर लोकांनी आपणहून खुर्च्या एकावर एक रचल्या आणि घरी गेले.

परवानगी महिन्याच्या आत निघाली. पुढचे दोन हंगाम माझ्याकडे दुसरा तालुका होता. शिरगोंडवाडी माझ्याकडे परत आली ती कारखान्याच्या वार्षिक तपासणीला. रस्त्यावरून जाताना मी डावीकडे बघितलं. त्रिशलाच्या शेडमधल्या जाळ्या काढलेल्या होत्या. नुसते खांब आणि पत्रा, आणि सावलीला दोन म्हशी.

कारखाना वाढला होता. देवस्थळींनी निम्माअधिक हिस्सा पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला विकला होता आणि आता ते पुण्यातच असायचे. दुसरं दार मात्र बसायचं राहूनच गेलं होतं. टाकीला लागून एक लांब पत्र्याची शेड उभी होती. टाकीत घालण्याआधी प्लास्टिक निवडावं लागतं, काही जातींचं चालत नाही, ते आत गेलं तर विषारी वायू होतो. ते निवडायला शेडमध्ये बायका बसल्या होत्या. फेर धरून, जमिनीवर, हातमोजे घालून. त्यांचे हात असे चालत होते की मला ओळख पटायला वेळ लागला नाही.

"या मॅडम," त्रिशला उठून आली. तिच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. तोंडावरचा मास्क तिनं खाली ओढला. "लई दिवसांनी."

"तुम्ही इथे?"

"बेदाणा कोण घेईना. ह्यांना निवडणाऱ्या पायजे हुत्या. गावात आमच्यासारखं निवडणार तरी कोण?" ती जरा हसली. "मला सुपरवायझर केलंय. सासऱ्यांचं औषध निघतंय, पोरीच्या कॉलेजचं निघतंय. ह्या सगळ्या जुन्याच हायत, बघा. आमची निवडायची शेड फक्त रस्त्याच्या अल्याडची पल्याड झाली."

मी म्हणाले, "बरं झालं." दुसरं काय म्हणणार? आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं, की फेरातली एक जागा मोकळी आहे. शेडच्या बाहेर, लिंबाखाली, लक्काबाई आडवी झाली होती. कुणीतरी तिच्या तोंडावर पाणी मारत होतं. डोळे अर्धे उघडे, ओठ निळसर.

"काय झालं तिला?"

"उपास हाय तिचा," त्रिशला म्हणाली. फार पटकन म्हणाली.

आत टाकीचं दार उघडल्याचा आवाज आला. पत्र्याच्या भिंतीखालून तो ओळखीचा वास पसरला, पण या वेळी कितीतरी दाट. माझ्या कमरेला लावलेलं छोटं यंत्र किंचाळायला लागलं. ते नवं होतं, आणि ते वास मोजत नसलं तरी वायू मोजत होतं. आकडा बघून मी सगळ्या बायकांना बाहेर काढलं. त्या उठल्या, पण सवयीनं उठल्यासारख्या. पदर झटकत, एकमेकींशी बोलत. असं आधीही झालं असणार.

"कितीदा होतं हे?"

त्रिशलानं मला बाजूला नेलं.

"मॅडम, लिवू नका."

"त्रिशला, त्या बाईकडे बघा."

"बघतेय. रोज बघतेय. डोकं धरतंय, मळमळतंय, जरा भाईर बसलं की जातंय. त्या टायमाला तुम्हाला लिवता आलं न्हाई, आम्ही काही म्हणालो का? आता येतंय, तर आता आमच्यासाठी लिवू नका."

"एक दिवस आत कुणीतरी मरेल."

"आणि काम गेलं तर?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता. "ह्या दहाजणींची नावं मला सांगा बघू, कुणाच्या घरात दुसरं मिळवणारं हाय ते. बेदाण्याच्या शेड राहिल्यात कुठं?"

मी म्हणाले, "मी तुमची शेड बंद करायला नाही सांगणार. टाकी बंद करायला सांगेन. दुसरं दार बसवेपर्यंत. तोवर पगार चालू ठेवायला सांगेन. हे सगळं मी लिहीन."

तिनं मास्क वर ओढला. "तुम्ही लिवताय तर बरोबरच लिवणार," ती म्हणाली, आणि लक्काबाईकडे गेली.

मी लिहिलं. आयुष्यात इतका स्वच्छ अहवाल मी कधी लिहिला नव्हता. पुण्याला देवस्थळींना फोनही केला. ते म्हणाले, "मी बैठकीत मांडतो. पण माझं आता कुणी ऐकत नाही हो." त्यांचा आवाज म्हातारा झाला होता.

आठवड्यानं परचुरे साहेबांनी मला बोलावलं. आदेशाचा मसुदा टेबलावर होता.

"तुमचा अहवाल पूर्ण मान्य आहे," ते म्हणाले. "फक्त टाकी आपल्याला बंद करता येणार नाही. टाकी म्हणजे उत्पादन. तिच्या सुरक्षिततेचं दुसरं खातं बघतं. त्यांना आपण कळवलंय, ते सवडीनं तपासतील."

"मग आपल्याकडे काय उरतं?"

"निवडायची शेड. तिथे कचरा हातानं हाताळला जातो. तेवढाच भाग अजून कचऱ्याच्या नियमात आहे. आणि तिथे वायू सापडलाय, तुम्हीच मोजलाय. म्हणून ती शेड तात्काळ बंद."

मला बसायला खुर्ची होती तरी मी उभीच होते. "सर, वायू टाकीतून येतो. शेडमधून नाही."

"मला कळतं ते."

"शेड बंद केली तर कंपनी निवडलेला माल बाहेरून आणेल. टाकी एक दिवस थांबणार नाही. फक्त बायका जातील."

परचुऱ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "नंदिनीबाई, त्या बायका त्या वायूतून बाहेर याव्यात, एवढंच तुम्हाला हवं होतं ना? येतील बाहेर. तेवढंच आपल्या हातात आहे. सही मी करतोय, तुम्ही नाही."

मी विनवलं, भांडले, पगाराची अट तरी घाला म्हणाले. पगार आमच्या खात्याचा विषय नव्हता. शेवटी मी म्हणाले, अंमलबजावणीला दुसऱ्या कुणाला पाठवा. त्यांनी हजेरी दाखवली. दोघं रजेवर, एकाची बदली.

मी गेले तेव्हा शेड रिकामी करून झाली होती. कंपनीच्या माणसानं बायकांना सकाळीच सांगितलं होतं. त्या फाटकाबाहेर उभ्या होत्या, डबे हातात. लक्काबाईही होती, आता बरी दिसत होती. कुणी मला शिव्या दिल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकल्या असत्या. त्यांच्यात एक नवी, तरुण बाई होती, ती माझ्याकडे बोट करून काहीतरी पुटपुटली. तेव्हा त्रिशला तिच्यावर खेकसली.

"गप ए. ह्या मॅडम हायत म्हणून आपण जिवंत भाईर आलो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तिला ठाव न्हाई. आमच्यासाठी लई केलंय तुम्ही."

ती टोमणा मारत असती तर बरं झालं असतं. ती मनापासून बोलत होती.

दाराला कुलूप घातलं. त्यावरून कापडाची पट्टी बांधून गाठीवर लाख ओतायची आणि शिक्का मारायचा, अशी रीत. बरोबरचा शिपाई पंचनाम्यावर कंपनीच्या माणसाची सही घ्यायला कचेरीत गेला होता. मी पट्टी धरली, काडी पेटवली, लाख वितळायला लागली. वाऱ्यानं पट्टी हलत होती. लाखेचा थेंब माझ्या बोटावर पडला.

त्रिशला फाटकातून आत आली. डबा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी पट्टीची दोन टोकं कुलपावर घट्ट ताणून धरली.

"मी धरते," ती म्हणाली. "तुम्ही लावा."

मी लाख ओतली. तिची बोटं गाठीच्या अगदी जवळ होती, तिनं ती मागे घेतली नाहीत. मी शिक्का दाबला. शेजारच्या टाकीची धडधड आमच्या पायांखालच्या जमिनीत लागत होती.

"वाळलं का?" तिनं विचारलं.

"थोडं थांबा."

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, ती पट्टी धरून आणि मी शिक्का धरून. फाटकाबाहेर बायका तिची वाट बघत होत्या.

"आता सोडू?"

"सोडा," मी म्हणाले.